प्लेटिंगच्या ईटीपीतल्या गाळातून निकेल परत काढणं छोट्या युनिटला परवडतं का?

तुमचं निकेल-क्रोम प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचा) गाळ गोण्यांत साठतोय आणि त्यातलं निकेल आपणच काढावं का, असं तुम्ही विचारलंय. निकेल निघतं. पण मिसळलेल्या गाळातून ते स्वतः काढायच्या फंदात पडू नका. गाळ व्हायच्या आधीच ते अडवा. बरीच वर्षं प्लेटिंग शॉपमध्ये ईटीपी सांभाळतोय, त्यावरून सांगतो.

आधी हिशोब बघा. फिल्टर प्रेसमध्ये गाळ दाबून निघालेल्या वड्यांत, म्हणजे केकमध्ये, साधारण 70 टक्के पाणीच असतं. समजा 100 किलो केक वाळवून 30 किलो उरला आणि त्यात 10 टक्के निकेल निघालं, तर हाती 3 किलो. बाकी सगळं क्रोमियम, लोखंड आणि चुना वापरत असाल तर जिप्सम. गंधकाम्लात टाकलं की निकेलबरोबर क्रोम आणि लोखंडही विरघळतं. मग पीएच चढवत एकेक धातू वेगळा पाडायचा, पण क्रोमचा तो चिकट साका गाळता गाळला जात नाही आणि जाताना निकेलही ओढून नेतो. वरण-भात कालवल्यावर डाळ निवडायला बसण्यातला प्रकार. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनने (ठरावीक धातूच ओढून घेणाऱ्या द्रावकाने) हे नीट होतं, पण ते मोठ्या रिसायकलरचं काम.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुमच्याकडे सायनाइडची झिंक किंवा कॉपर लाइन असेल आणि तिचं पाणी या गाळात येत असेल, तर त्यावर ॲसिड ओतू नका. हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, माणूस जागेवर जातो. सोडा घालून गाळ भट्टीत भाजायचा सल्लाही कुणी देईल. त्यात साधं क्रोमियम पुन्हा विषारी हेक्झाव्हॅलंट होतं.

आता अडवायचं कसं? जिग (जॉब टांगायची चौकट) बाथमधून, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणातून, उचलला की लगेच धुवायला नेऊ नका, बाथवरच निथळू द्या. त्यापुढची पहिली टाकी वाहत्या पाण्याची नको, साठ्याची ठेवा. निकेल बाथ 50-60 अंशांवर चालतो, पाणी उडत राहतं. ती तूट या टाकीतल्या पाण्याने भरा. निकेल आपोआप घरी परत येतं. मात्र त्याबरोबर तांबं-जस्तही परत येतं, म्हणून ते ओढून घ्यायला जॉबऐवजी नालीदार पत्रा टांगून कमी करंटवर ही डमी नियमित चालवावी लागते. हे टाळलंत तर जॉब काळपट निघायला लागतात.

त्यापुढच्या धुण्याचं पाणी क्रोमच्या पाण्यात अजिबात सोडू नका. आम्ही आधी सगळं एकाच खड्ड्यात घ्यायचो, गाळ मळकट करडा-हिरवा यायचा. निकेलचं पाणी वेगळं करून त्यात सोडा ॲश घातला, तेव्हा प्रेसच्या कापडावरून कच्च्या कैरीच्या सालीसारखा स्वच्छ हिरवा केक सुटला. हे निकेल कार्बोनेट. धुऊन गंधकाम्लात हळूहळू टाकलं की फसफसून विरघळतं, निकेल सल्फेट तयार. ब्राइटनरचा (चकाकीसाठी बाथमध्ये घालतात त्या रसायनाचा) मळ राहतो, तो ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या ट्रीटमेंटने निघतो. तपासून मगच बाथमध्ये घ्या. क्रोमचं पाणी वेगळंच पीएच 2-3 ला मेटाबायसल्फाइटने क्षपण करून (विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमचं साधं क्रोम करून), मग अल्कली घालून बसवा.

साठलेल्या गोण्यांचं काय? 2016 च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे, साठवायची मुदत 90 दिवस. लॅबमधून कोरड्या वजनावर निकेल किती ते काढून घ्या आणि ज्याच्या परवान्यात हा कचरा लिहिलेला आहे अशाच रिसायकलरला मॅनिफेस्टसह (कचरा वाहतुकीच्या नोंदपत्रासह) द्या. भाव आला नाही तर तुमच्या भागातल्या घातक कचरा केंद्रात पाठवा. रोख पैसे देऊन टेम्पो भरून नेणाऱ्याला देऊ नका. तो कुठल्या ओढ्यात रिकामा होईल सांगता येत नाही, आणि खालच्या गावातल्या विहिरी त्याच ओढ्यावर भरतात.

सायनाइड लाइन आहे का आणि न्यूट्रलायझेशनला चुना वापरता की कॉस्टिक, एवढं कळवा. टाक्या कुठे बदलायच्या ते त्यावरून सांगतो.