वाचकांचे प्रश्न : फोटोत आजोबा आले होते का?

प्रश्न : काका, गणपतीत आम्ही चिपळूणजवळ गावी होतो. रात्री आरती झाल्यावर पडवीत मोबाईलवर दोन फोटो काढले. एक फ्लॅश मारून काढला, त्यात अंगणभर पांढरे गोळे आलेत. दुसरा फ्लॅशशिवाय, तर त्यात आजीच्या मागे पांढऱ्या कपड्यातला धूसर माणूस आहे आणि त्याच्या आरपार पडवीचा खांब दिसतोय! तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. आजी म्हणते आजोबा आले होते, शेजारी म्हणतात बाहेरचं आहे, भगताला दाखवा. आजी चार दिवस नीट जेवली नाहीये.
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : ताई, भगताकडे अजिबात जाऊ नका, आणि आजीला आधी जेवायला बसवा.

गोळ्यांचं सोपं आहे. पाऊस भुरभुरत असणार, नाहीतर धूळ. मोबाईलचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, त्यामुळे लेन्सच्या समोरच्या थेंबावर पडलेला उजेड सरळ परत लेन्समध्ये येतो, आणि थेंब इतका जवळ की फोकस होत नाही, मग त्याची गोल चकती दिसते. पायपुसणं झटकून लगेच फ्लॅश मारून बघा, घरातही येतील गोळे.

आता दुसरा फोटो. अंधारात नाइट मोड लागला की फोन एकच फोटो घेत नाही, दोन-तीन सेकंद फोटो घेत राहतो आणि सगळे एकत्र करतो. आजी बसून होती म्हणून ती स्पष्ट आली, पण मागून कोणी चालत गेलं असेल तर तो थोडाच वेळ फ्रेममध्ये होता, म्हणून अर्धवट उमटला आणि खांब आरपार दिसला. हे कॅमेऱ्याइतकंच जुनं आहे, डागेर नावाच्या सुरुवातीच्या फ्रेंच फोटोग्राफरने 1838 मध्ये पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला तेव्हा एका फोटोला खूप वेळ लागायचा, म्हणून चालती माणसं, घोडागाड्या सगळं गायब झालं आणि बूट पॉलिश करून घ्यायला उभा राहिलेला एक माणूस तेवढा राहिला.

तुम्ही म्हणाल, पण तिथे कोणी नव्हतंच. यावर माझा विश्वास का बसत नाही सांगतो. 1964 मध्ये इंग्लंडमधल्या कार्लाइलच्या जिम टेम्पलटन नावाच्या अग्निशमन दलातल्या माणसाने मोकळ्या माळावर आपल्या मुलीचा फोटो काढला. तिच्या मागे अंतराळवीरासारखी पांढरी आकृती आली. मागे कोणी नव्हतं असं तो शेवटपर्यंत मनापासून सांगत राहिला, पण त्याची बायको तिथेच होती, आणि ती पाठमोरी उभी असताना तिचा फिका निळा ड्रेस जास्त उजेडाने पांढरा पडला असावा, हेच मला सगळ्यात पटतं. तो खोटं बोलत नव्हता हो, आपण फोटो काढताना फक्त चेहऱ्याकडे बघतो, मागे कोण आलं-गेलं ते डोक्यात राहतच नाही.

तर असं करा, फोटोच्या डिटेल्समध्ये वेळ बघा आणि तेव्हा पांढरा सदरा किंवा लुंगी नेसून कोण वावरत होतं ते घरात विचारा. मग रात्री पडवीत आजीला त्याच जागी बसवा, फोन टेबलावर टेकवा आणि कोणालातरी पांढऱ्या कपड्यात मागून हळू चालायला लावा. एकदा नाही जमलं तर चाल कमी-जास्त करून पाच-सहा वेळा काढा. शेवटचा फोटो आजीलाच काढू द्या, आणि तेव्हा चालणारा तिचा लाडका नातू असू द्या.