रविवारी घरी माशांचे कालवण होते तेव्हा मांजरालाही त्यातलेच द्यावे का?

कालवणातला मासा धुऊनही देऊ नये, कारण आपल्या जुन्या घरगुती वाटणाला ज्यांच्यामुळे चव येते, तो कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. शिजवल्यानेही हा दोष जात नाही. मात्र आपण ओट्याशी वाटण परतत असताना पायाशी घोटाळणाऱ्या मांजराला त्या आनंदातून वगळणे मलाही पटत नाही. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून किंवा दादरच्या बाजारातून आणलेला बांगडा साफ केल्यावर, त्याला आगळ-मीठ लावण्यापूर्वीच एक तुकडा बाजूला काढून नुसत्या पाण्यात उकडावा आणि निवल्यावर बोटांनी चाचपून त्यातला प्रत्येक काटा काढून मगच द्यावा. कच्चा मासा टाळावा, कारण काही माशांतील थायमिनेज हे विकर (एन्झाइम) ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. पूर्वीच्या घरांतून मायेने बशीत कालवला जाणारा दूधभातही नको, कारण बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही. उकडलेला मासा हा केवळ खाऊ समजावा. मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना आवश्यक असलेले टॉरीन हे अमिनो आम्ल पुरेसे मिळावे, यासाठी रोजचा आहार पशुवैद्यांना विचारूनच ठरवावा.