चर्चमधील लग्नाला कोणता पोशाख करावा?

प्रश्न : वसईतील मैत्रिणीचे लग्न कॅथलिक चर्चमध्ये आहे. तेथे साडी चालेल का, आणि डोक्यावर पदर घ्यावाच लागेल का?

उत्तर : साडी निःसंकोच नेसावी, तेथील अनेक ख्रिस्ती स्त्रियाही लग्नाच्या मिस्साला (चर्चमधील उपासनेला) साडी नेसूनच येतात. स्त्रियांनी चर्चमध्ये मस्तक झाकावे, असे कलम कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत होते. १९८३ च्या संहितेत ते राहिले नाही, त्यामुळे पदर घेणे आता सर्वस्वी आपल्या इच्छेवर आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र, बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील प्रेषित पौलाच्या उपदेशाला अनुसरून, प्रार्थनेच्या वेळी पदर घेणाऱ्या मराठी स्त्रिया आजही दिसतात. पुरुषांनी उलट टोपी काढून आत जावे, अशी रीत आहे.

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा दंडक रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकातही पाळावा लागतो, मग सोहळा कितीही थाटाचा असो. म्हणून बिनबाह्यांचे पोलके असल्यास पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा. वधू बहुधा पांढऱ्या पोशाखात असते. तेव्हा संपूर्ण पांढरी साडी टाळणेच, आमच्या मते, सौजन्याचे ठरेल. दागिन्यांवर बंधन नाही.