गळ, तिथी आणि खाडीतले शेजारी

वाचकांचे प्रश्न : मे महिन्याची सुट्टी

सुट्टीत कोकणात उतरणाऱ्या वाचकांनी मासे गरवण्याबद्दल आणि वाटेत भेटणाऱ्या प्राण्यांबद्दल बरेच विचारले आहे. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गुहागरला आठ दिवस आहोत. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. दोघांना गरवायला शिकवायचे आहे. रॉड आणि रीळ घ्यावेच लागेल का? (पुणे)

नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या हाती सात फुटी रॉड दिलात, तर पहिला तास फेकायला शिकण्यात जाईल आणि दुसरा गुंता सोडवण्यात. धक्क्यावरून किंवा साकवावरून सरळ खाली सोडायची साधी गरी (हातात धरायचा दोरा आणि त्याला गळ) पुरते. मासा आमिषाला टोचतो तेव्हा ते थेट बोटाला कळते, रॉडवर ते कळायला सवय लागते.

०.४० मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) ५० मीटर घ्या आणि प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळा. पहिले टोक बाटलीच्या गळ्याला बांधायला विसरू नका, नाहीतर शेवटचा वेढा सुटला की सगळेच पाण्यात. तंगुसात मध्ये भोक असलेले २० ते ३० ग्रॅमचे शिसे ओवा, त्याखाली स्विव्हेल (दोन कड्यांची फिरती जोडणी) बांधा, आणि स्विव्हेलच्या दुसऱ्या कडीला ०.३० मिलिमीटरचा ४० सेंटिमीटर तुकडा लावून त्याच्या टोकाला गळ. हा तुकडा मुद्दामच बारीक ठेवायचा. खाडीच्या तळाशी कालवांचे खडक असतात, गळ त्यात अडकणारच. तेव्हा तेवढा तुकडा तुटतो, शिसे आणि दोरा परत येतो. शिसे मोकळे सरकते राहिले की आमिष ओढणाऱ्या माशाला वजन लागत नाही, तो बिनघोर गिळतो.

गळांचे आकडे नवख्याला फसवतात. १०, ८, ६ असा आकडा उतरेल तसा गळ मोठा होतो. १ च्या पुढे मात्र १/०, २/० असा आकड्याबरोबर वाढत जातो. रेणवीसाठी (मालवणकडची मुडदुशी) ८ नंबर, तांबोशी किंवा गोबऱ्यासाठी १/०. मुलांना ६ किंवा ८ द्या आणि गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. चारातला एखादा मासा सुटेल, पण बोटात गेलेला गळ आला तसा निघेल. हा सौदा परवडतो.

गाठ अशी : गळाच्या नेढ्यातून तंगूस ओवा, त्याचे टोक मूळ दोऱ्याभोवती सहा पीळ देऊन नेढ्याजवळच्या पहिल्या फाशातून काढा, थुंकीने ओले करा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळलेली गाठ घासून तापते आणि पुढे नेमकी तिथेच तुटते.

आमिषाला ताजी कोळंबी, सोलून, ८ नंबरच्या गळाला अर्ध्या पेराएवढा तुकडा. कालची कोळंबी मऊ पडलेली असते, पाण्याला लागताच गळून जाते. बारके मासे आमिष पळवत असतील तर माकुलाची चिवट पट्टी लावा. दोन्हीत गळाचे टोक बाहेर दिसले पाहिजे, मासात पुरलेले टोक माशाच्या तोंडात रुतत नाही. झटका न बसता नुसते जड-जड लागत असेल तर खाली खेकडा आमिष धरून बसला आहे. शिसे तळापासून वीतभर उचला, नाहीतर दहा पावले सरका.

तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणा. तो कुजत नाही, बगळ्यांच्या पायांत गुंततो.

प्रश्न : गावातले लोक "आज पाणी नाही" म्हणतात आणि येत नाहीत. आम्हाला समोर पाणी दिसतेच की! वेळ कशी ठरवायची? (ठाणे)

"पाणी नाही" म्हणजे पाण्याला जोर नाही. पंचांग किंवा दिनदर्शिका उघडा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पक्ष शुद्ध असो वा वद्य. सप्तमी असेल तर सात त्रिक एकवीस, भागिले चार, म्हणजे सव्वापाच. पहाटे सव्वापाचला आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण भरती, मध्ये साडेअकराच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, सिंधुदुर्गात भरती मुंबईच्या आधी येते, आणि खाडीत जितके आत जाल तितकी ती उशिरा पोचते. म्हणून पहिल्या दिवशी काठावर खुणेचा दगड ठेवून खात्री करून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. मुंबईकडे तेव्हा पाणी साडेचार मीटरच्या वर चढते, मालवणकडे दोन-अडीच मीटर. ओढ इतकी असते की ३० ग्रॅमचे शिसे तळाला ठरत नाही, दोरा आडवा वाहतो. अष्टमीनंतर दशमीपर्यंत भांगाची भरती, पाणी मरगळलेले, मासाही सुस्त. लोक घरी बसतात ते याच दिवसांत. मुलांना घेऊन जायला षष्ठी-सप्तमी बरी : ओढ मध्यम, आणि भरती उन्हे कलल्यावर. तीनला बसा. चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास आणि उतरायला लागल्यावरचा पहिला तास, मासा याच वेळात काठाकडे चरायला येतो.

भरती घड्याळाच्या काट्यासारखी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. खडकावर जाऊन गरवणारे फसतात ते इथे. पहिला तास पाणी हललेच नाही असे वाटते, पुढच्या दोन-तीन तासांत पाठीमागची खोलगट वाट भरते आणि समोरचा उंच खडक अजून कोरडाच असतो. सुकतीनंतर दीड तासाने खडक सोडायचा, मासा लागत असला तरी. आणि ओहोटी चालू असताना खाडीच्या मुखाशी कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका, सगळ्या खाडीचे पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून समुद्रात ओढले जात असते.

प्रश्न : १ जूनपासून मासेमारी बंद होते. गळ टाकणेही बंद का? (नाशिक)

१ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक होड्यांसाठी आहे, काठावर बसून गरी टाकणाऱ्याला ती लागू नाही. पण तोवर समुद्र फिरलेला असतो, तेव्हा मुलांना घेऊन खडकावर जाऊ नयेच. लहान मासा सोडून द्या. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींचे किमान आकार ठरवून दिले आहेत. सोडताना हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. अभयारण्यातल्या नदीत किंवा देवाच्या कोंडीत मात्र गळ टाकायचा नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीतले मासे गावाने देवीचे म्हणून राखले आहेत.

प्रश्न : गळाला शिंगटी लागली आणि सोडवताना तिचा काटा हाताला लागला. कळ खांद्यापर्यंत गेली. अशा वेळी काय करावे? (डोंबिवली)

गरम पाणी. शिंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन काटे असतात, त्यांतले विष उष्णतेने निकामी होते. जखम धुऊन हात ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, निवेल तसे गरम पाणी घालत राहा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, चांगल्या हाताने पाहायचे. दुखऱ्या हाताला अंदाज राहत नाही आणि चटका बसतो. बर्फ लावू नका, हळद भरू नका. काट्याचे टोक आत मोडले असेल तर दिवसेंदिवस सूज राहते, म्हणून डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. पुढच्या वेळी शिंगटी हातात धरूच नका : चपलेखाली दाबा आणि पकडीने गळ काढा, किंवा दोरा कापा.

पाकटाच्या शेपटीचा काटा लागला तरी उपाय तोच. फक्त पोटात, छातीत किंवा मानेत रुतलेला काटा उपसायचा नाही, तसेच रुग्णालयात न्यायचे, १०८ ला फोन करून. सुकतीला उथळ पाण्यात चालताना पाय न उचलता वाळूत घासत चाला. वाळूखाली बसलेले पाकट धक्क्याने निघून जाते, डंख मारते ते पाय वर पडल्यावर.

चेंडूसारखा फुगणारा केंड गळाला लागला तर दोरा कापून सोडा. त्याचे विष शिजवूनही जात नाही, मांजरालाही घालू नका.

प्रश्न : वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत म्हणतात. मग तिथे गरवणे सुरक्षित आहे का? (सातारा)

आहेत. चिपळूणच्या आसपास भरपूर, आणि पर्यटक होडीतून त्या पाहायलाच जातात. गावात कोणी "सुसर" म्हणेल, पण खरी सुसर म्हणजे लांब चिंचोळ्या तोंडाची, ती उत्तरेकडच्या नद्यांतली. आपली ती मगरच. ओहोटीला चिखलाच्या काठावर जबडा उघडा टाकून पडलेली दिसते, ते रागावणे नव्हे, अंग थंड करणे आहे.

मगर असलेल्या पात्रात पाण्याच्या कडेला बसून गरवू नका. उंच धक्का किंवा पूल निवडा, काठावरच असाल तर पाण्यापासून पाच-सहा मीटर मागे. रोज त्याच वेळी त्याच जागी बसणेही टाळा, ती पाळत ठेवून शिकते. आणि मासे पाण्याच्या काठी साफ करू नका. बहुतेक लोक इथेच चुकतात : गरवताना सावध असतात आणि मग आतडी काढायला वाकतात. अंधार पडायच्या आत सामान आवरा. मे महिन्यात काठावरच्या घरट्यांतून पिल्ले निघायची वेळ असते, मादी जवळपास असते, म्हणून झाडोऱ्यात शिरू नका.

प्रश्न : मेच्या दुसऱ्या आठवड्यात वेळासला कासवाची पिल्ले दिसतील का? (बंगळुरू)

आशा कमीच धरा. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, पिल्ले ४५ ते ६० दिवसांनी निघतात. म्हणजे खरा हंगाम फेब्रुवारी-मार्च-एप्रिल, मेमध्ये उरलीसुरली घरटी. निघण्याआधी वेळास, आंजर्ले किंवा गुहागरच्या कासवमित्रांकडे चौकशी करा. पिल्ले सोडतात ती सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, तेव्हा मुक्काम तिथेच हवा. दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा, आणि पिल्लाला उचलून पाण्यात सोडू नका.

जाळ्यात किंवा गळात अडकलेले मोठे कासव दिसले तर गळ ओढू नका, तो घशात असू शकतो. दोरा थोडा लांब ठेवून कापा, कासव सावलीत घ्या, पाठीवर ओले फडके टाका (नाकपुड्या मोकळ्या ठेवून) आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. थकलेले कासव परत समुद्रात ढकलले तर ते बुडते. त्यालाही श्वास घ्यायला वर यावे लागते.

प्रश्न : बंदरावरून बांगडे घेऊन घाटावर येतो. शिजवल्यावर कधी कधी अंगावर पित्त उठते. मासा तर ताजा दिसतो. (कोल्हापूर)

बांगडा, सुरमई, कुपा हे मासे काही तास उन्हात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते. ते उकळून किंवा तळून जात नाही, वासही येत नाही. चेहरा लाल होणे, खाज, डोके ठणकणे ही त्याची लक्षणे. बंदरावरच बर्फ मागा, जितका मासा तितक्याच वजनाचा. कल्ले आणि आतडी काढा, खवले ठेवा. पेटीत बर्फ-मासा-बर्फ असे थर द्या आणि तळाला भोक ठेवा, वितळलेल्या पाण्यात भिजत पडलेला मासा लिबलिबीत होतो. पेटी गाडीच्या डिकीत, पण सायलेन्सरच्या बाजूला नको.

परतीचा आंबोली किंवा राधानगरीचा रस्ता उजेडातच उरका. रात्री वळणावर गवा उभा असला तर तो अंधारातून वेगळा काढता येत नाही. दिसलाच तर गाडी लांब थांबवा, दिवे मंद करा, हॉर्न नको, खाली उतरणे नको. एक पलीकडे गेला म्हणून लगेच निघू नका, कळपातले बाकीचे अजून झाडीत असतात.