पलीकडे फोन कोण उचलणार?

ऑस्ट्रेलियात थंडी पडली की वाळवंटाचे बेत सुरू होतात, आणि माझ्याकडे सॅटेलाइट फोनचे प्रश्न यायला लागतात. मी ॲडलेडला राहते. गेले बारा हिवाळे नवरा आणि मी गाडी घेऊन आतल्या भागात जातोय, त्यातले दहा हिवाळे सॅटफोन सोबत घेऊन. यंदाच्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे देते आहे.

जुलैत दोन गाड्यांनी सिम्पसन वाळवंट ओलांडून बर्ड्सव्हिलला जातोय. साताऱ्याहून आलेले सासू-सासरे बरोबर आहेत, सासऱ्यांना मधुमेह आहे. बिकन घेतलाय, आयफोनवर सॅटेलाइटची सोय आहे. तरी वेगळा सॅटफोन हवाच का? (मेलबर्न)

हवा, आणि तो सासऱ्यांसाठीच हवा.

बिकन, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं छोटं यंत्र, उत्तम वस्तू आहे. तो सोडून जाऊ नका, आणि त्याची नोंदणी केली नसेल तर आजच करा, ती फुकट होते. ४०६ मेगाहर्ट्झवर तो किमान चोवीस तास हाक मारत राहतो आणि शोधपथकाला तुमची जागा कळते. पण त्याला एवढंच सांगता येतं, की अमुक माणूस अमुक ठिकाणी जिवाच्या संकटात आहे. साप चावला, गाडी उलटली की साखर उतरून माणूस गुंगीत गेला, हे त्यातून कळत नाही. तुम्हालाही पलीकडून काही ऐकू येत नाही. आयफोनच्या सोयीने मदत केंद्राशी मजकुरातून बोलता येतं आणि ती खरोखर उपयोगी आहे. पण थरथरत्या बोटांनी एकेक वाक्य टाइप करून आकाशात पाठवायचं आणि थांबायचं, असा तो मामला आहे.

सासऱ्यांना घाम फुटलाय, ते असंबद्ध बोलतायत, अशा वेळी तुम्हाला डॉक्टरचा आवाज हवा असतो. या देशात ही गोष्ट फार आधी कळली होती. जॉन फ्लिन यांनी उभी केलेली फ्लाइंग डॉक्टर सेवा १९२८ साली क्लॉनकरीहून सुरू झाली. विमान होतं, डॉक्टर होता, पण शेकडो मैलांवरच्या गुरांच्या वाड्यांनी त्याला बोलवायचं कसं? आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून वीज करणारा रेडिओ बनवला, तेव्हा कुठे त्या विमानाला खरा अर्थ आला. आजही दूरच्या वस्त्यांवर या सेवेची औषधपेटी असते आणि तिच्यातल्या प्रत्येक औषधावर नंबर असतो. डॉक्टर फोनवर विचारतो, ऐकतो आणि सांगतो, अमुक नंबरची बाटली काढा, इतक्या गोळ्या द्या. विमान पोचायला तास लागतात, पण उपचार पहिल्या मिनिटाला सुरू झालेला असतो. तुमच्याकडे ती पेटी नसेल, पण सासऱ्यांची औषधं असतील. त्यांची नावं, मात्रा आणि वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोनच्याच पिशवीत ठेवा.

वाळवंटाच्या अलीकडचं माउंट डेअर ते पलीकडचं बर्ड्सव्हिल, या सुमारे पाचशे किलोमीटरमध्ये पेट्रोल नाही, गाव नाही. हजाराहून जास्त वाळूच्या टेकड्या आहेत. जुलै निवडलात ते बरं केलंत. १ डिसेंबर ते १५ मार्च हे वाळवंट उन्हामुळे बंदच असतं.

मित्र त्याचा थुराया कंपनीच्या सॅटफोनचा हँडसेट अगदी स्वस्तात देतोय. घ्यावा का? (ब्रिस्बेन)

नको. एप्रिल २०२४ मध्ये थुरायाचा आपल्या बाजूचा उपग्रह बिघडला आणि ऑस्ट्रेलियातली ती सेवा गेली. तो हँडसेट चालू होईल, पडदा उजळेल, पण नेटवर्क मिळणार नाही. राहतात दोन कंपन्या: इरिडियम आणि इनमारसॅट. वर्षातून एकदा जाणार असाल तर विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. भाड्याचा फोन हातात आला की मात्र घराच्या परसात उभं राहून त्यावरून एक खरा कॉल करा. सिम चालू आहे का, रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे जाते का, गाडीत चालणारा चार्जर दिलाय का, हे तिथेच कळतं. आमच्या पहिल्या भाड्याच्या फोनबरोबर दुसऱ्याच मॉडेलचा चार्जर आला होता आणि आम्ही तो मरी गावात पोचल्यावर पहिल्यांदा उघडून पाहिला. ते दहा दिवस फोन बंद ठेवून, रोज संध्याकाळी दहा मिनिटं चालू करून काढले.

इरिडियम घेतलाय. गाडीत रेंज येत नाही आणि बाहेरही कॉल मध्येच तुटतो. सेट खराब आहे का? (पर्थ)

बहुतेक सेट ठीक आहे, उभं राहायची जागा चुकतेय. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून धावतात. एक उपग्रह तुमच्या आकाशात जेमतेम दहा मिनिटं टिकतो, मग कॉल दुसऱ्याच्या हाती जातो. तो दुसरा कड्याआड, झाडाआड किंवा गाडीच्या टपाआड असला की कॉल तुटतो. म्हणून गाडीपासून दहा पावलं दूर, उघड्यावर या. अँटेना पूर्ण ओढून आकाशाकडे सरळ उभी धरा. कानाशी फोन नेताना ती आडवी होते, ही सगळ्यांची सवय असते. इनमारसॅटचं उलट आहे. त्याचा उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंच, एका जागी असतो. ऑस्ट्रेलियात त्याच्यासाठी उत्तरेचं आकाश मोकळं लागतं. त्यावर आवाज उशिरा पोचतो, तेव्हा बोलून झालं की थांबा, नाहीतर दोघंही एकदम बोलत राहता.

चालत्या गाडीतून बोलायचंच असेल तर टपावर बाहेरची अँटेना लावा. गाडीच्या मागच्या सामानावरचं झाकण (कॅनपी) ॲल्युमिनियमचं असेल तर चुंबकाची अँटेना त्याला चिकटत नाही, पट्टी ठोकून घ्यावी लागते.

सांगलीला आईबाबा काळजी करतात म्हणून सॅटफोन घेतोय. रोज रात्री त्यांना फोन करता येईल ना? (सिडनी)

करता येईल, पण आधी त्यांच्याशी बोलून ठेवा. पलीकडे कधी +८८१६ ने सुरू होणारा नंबर दिसतो, कधी काहीच दिसत नाही. रोज फसवणुकीच्या कॉलना वैतागलेले आईबाबा तो उचलणार नाहीत. त्यांनी उलटा फोन लावला तर बिल जबरदस्त येतं. आणि व्हॉट्सॲप यावर चालत नाही, हे त्यांना दोनदा सांगा.

माझ्या मते रोजचा निरोप सांगलीला नको, ऑस्ट्रेलियातल्या एका भरवशाच्या माणसाला द्या. तो पुढे आईबाबांना कळवेल. त्या माणसाकडे तुमचा मार्ग, गाडीचा नंबर, बरोबरच्यांची नावं आणि एक वेळ लिहिलेली हवी: अमुक तारखेला रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर अमुक पोलीस ठाण्याला फोन करायचा. त्या ठाण्याचा साधा नंबर घ्या. १३०० किंवा १८०० ने सुरू होणारे इथले खास नंबर सॅटफोनवरून लागतीलच असं नाही.

आता जागा कशी सांगायची, कारण यात आम्ही पोळलोय. ऊडनडॅटाहून डॅलहाउसीच्या झऱ्यांकडे जाताना ट्रेलरचं चाक निखळलं. मी फोनवर अक्षांश सांगितला, "सव्वीस चाळीस". माझ्या नकाशावर ते २६ अंश ४० मिनिटं होतं. पलीकडच्या माणसाने लिहिलं २६.४०. मिनिटं साठ असतात, म्हणजे माझं खरं ठिकाण २६.६७ होतं. फरक सुमारे तीस किलोमीटरचा. मदतीची गाडी आमच्या पुढे निघून गेली, आणि तिच्या दिव्यांचा उजेड टेकडीमागे विझताना मी पाहिला. तेव्हापासून मी आधी सांगते "अंश आणि दशांश", मग आकडे एकेक करून, शेवटी "दक्षिण" आणि "पूर्व", आणि पलीकडच्याला सगळं परत वाचायला लावते. हा कागद आमच्या गाडीच्या सनशेडला चिकटवलेला आहे.

सप्टेंबरमध्ये नाशिकहून गाडीने स्पितीला जातोय. मेलबर्नचा भाऊ येताना त्याचा सॅटफोन किंवा गार्मिनचं इनरीच आणणार आहे. चालेल ना? (नाशिक)

चालणार नाही. त्याला आजच फोन करून थांबवा. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटफोन आणणं आणि वापरणं गुन्हा आहे, आणि इनरीचसारखी फक्त संदेश पाठवणारी छोटी यंत्रंही त्यातच धरली जातात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला इनरीच बाळगल्याबद्दल ताब्यात घेतलं गेलं. तिने ते लपवलंही नव्हतं. २६/११ च्या हल्लेखोरांकडे सॅटेलाइट फोन होता, त्यामुळे ही बाब सुरक्षा यंत्रणा हलक्यात घेत नाहीत. बीएसएनएलमार्फत इनमारसॅटची रीतसर सेवा आहे, पण ती सर्वसाधारण पर्यटकाच्या हाती येत नाही. आकाशाकडे पाहणारं कुठलंही यंत्र बॅगेत असेल तर ते मेलबर्नलाच राहू दे, आयफोन तेवढा चालेल.

मग स्पितीत काय करायचं? मनालीहून काझाकडे जाताना ग्राम्फूपासून बातल, कुंझुम खिंड ओलांडून लोसारपर्यंत रेंजचा भरवसा नाही. तो टप्पा सकाळी लवकर सुरू करा आणि एकटी गाडी नेऊ नका. मनालीतून निघताना घरी सांगा की आज संध्याकाळी काझाहून फोन येईल, आणि न आल्यास दुसऱ्या दिवशी दुपारी काझाच्या हॉटेलला विचारा. त्या हॉटेलचा नंबर घरच्या फ्रिजवर लावून जा. वाटेत गाडी बिघडली तर ती सोडून चालत जाऊ नका, समोरून येणाऱ्या पहिल्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी द्या. नाव, गाडीचा नंबर, जवळचा मैलाचा दगड आणि बिघाड काय, एवढं त्यात असलं की बातलच्या ढाब्यापर्यंत निरोप पोचतो. तिथे अडकलेल्यांना आसरा मिळत आला आहे. चिठ्ठीसाठी वही आणि पेन डॅशबोर्डमध्ये ठेवा. थंडीत बॉलपेन अडतो, पेन्सिल घ्या.