मोठे टायर घासतात, स्पेसर किती जाडीचा घ्यावा?

प्रश्न : माझ्या फोर बाय फोर गाडीला मूळचे २६५/७० आर १७ टायर होते. रिम तेच ठेवून २८५/७० आर १७ चे ऑफ-रोड टायर बसवले. आता स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या बाजूला घासतो. ३८ मिमीचे स्पेसर (हब आणि रिमच्या मधे बसणाऱ्या, चाक बाहेर सरकवणाऱ्या धातूच्या जाड चकत्या) टाकले की प्रश्न मिटेल, असं सांगितलं जातं. ते घ्यावेत का?

उत्तर : ३८ मिमीचे घेऊ नका. आधी हिशेब बघा. टायरची रुंदी २० मिमीने वाढली, म्हणजे आतल्या बाजूला साधारण १० मिमी जागा गेली. व्यास ८०३ मिमीवरून ८३१ मिमी झाला, म्हणजे त्रिज्या १४ मिमीने वाढली. आतली गेलेली जागा भरून काढायला चाक ३८ मिमी बाहेर ढकलायची गरजच नाही.

जाड स्पेसरचा तोटा चाक वळवल्यावर कळतो. चाक सरळ असताना स्पेसर त्याला फक्त बाजूला सरकवतो. पण ३५ अंशांत वळलेलं चाक ३८ मिमीच्या स्पेसरमुळे सुमारे ३१ मिमी बाजूला आणि २२ मिमी पुढे किंवा मागे सरकतं. वळणाच्या आतल्या अंगाचं चाक मागे जातं आणि मडगार्डच्या मागच्या कडेला, पत्र्याच्या जोडाला लागतं. बाहेरच्या अंगाचं चाक पुढे जातं आणि बंपरच्या टोकाला लागतं. आतलं घासणं थांबवायला गेलात आणि बाहेरचं सुरू झालं, अशा तक्रारींमागचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. २५ मिमीच्या स्पेसरला हे पुढे-मागे सरकणं १४ मिमीवर येतं.

म्हणून खरेदीआधी टायर नेमका कुठे घासतो ते पाहा. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खांद्यावर खडूचा जाड पट्टा ओढा, मोकळ्या जागेत स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू पुढे-मागे चालवा आणि खडू कुठे उमटला ते बघा. मग एक पुढचं चाक भक्कम रॅम्पवर चढवा, म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दबेल, आणि त्याच स्थितीत पुन्हा वळवा. सपाट जमिनीवर मोकळा वाटणारा टायर इथे हमखास लागतो. खुणा अँटी-रोल बारवर, कंट्रोल आर्मवर किंवा चॅसिसवर असतील तर स्पेसर उपयोगी. खुणा प्लास्टिक लायनरवर (मडगार्डच्या आतल्या अस्तरावर) किंवा बंपरवर असतील तर स्पेसर तो त्रास वाढवेल.

तुमच्या बाबतीत २५ ते ३० मिमी पुरेल. त्याहून पातळ का नको, तेही सांगतो. स्वतःचे स्टड (ज्यांवर नट बसतो ते आटेदार दांडे) असलेला स्पेसर गाडीच्या मूळ स्टडवर नटांनी कसला जातो. पातळ स्पेसरमधून मूळ स्टडची टोकं बाहेर डोकावतात. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) पृष्ठभागापासून स्टड ३० मिमी लांब असेल, तर २५ मिमीच्या स्पेसरमधून ५ मिमी बाहेर राहतो. रिमच्या मागच्या बाजूला नट-भोकांच्या मधे खोल खाचा असतील तर तो त्यात मावतो, नसतील तर रिम स्पेसरवर सपाट बसतच नाही. अशी गाडी एक फेरीसुद्धा चालवू नका. स्टड कापून टाकायचा सल्ला मिळेल, पण मग पुढे कधी स्पेसर काढायचे ठरवलंत तर सगळे स्टड बदलावे लागतील. ३० मिमीचा स्पेसर घेणं त्यापेक्षा केव्हाही बरं.

नवे रिम घ्यायची तयारी असेल तर माझा कौल त्यालाच. रिमचा ऑफसेट (हबवर टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा) +३० असेल आणि त्यावर २५ मिमी स्पेसर लावला, तर चाक +५ ऑफसेटच्या रिमइतकंच बाहेर येतं. मग सरळ +५ चा त्याच रुंदीचा रिम घ्यावा, मधला एक जोड वाचतो. बेअरिंगवरचा वाढीव ताण आणि दगडावर चाक आदळल्यावर स्टीअरिंगला बसणारा हिसका मात्र दोन्हींत सारखाच, कारण चाक तितकंच बाहेर गेलेलं असतं.

प्रश्न : वळताना काही नाही, पण खड्ड्यात आदळलं की टायर वर मडगार्डला लागतो. कोणता स्पेसर घेऊ?

उत्तर : कोणताच नाही. इथे उंची कमी पडते आहे. लांब बंप-स्टॉप (सस्पेन्शन जास्त दबू न देणारा ठोकळा) किंवा लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) हे त्यावरचे उपाय. स्पेसरने चाक बाहेर काढलंत तर टायर वर येताना मडगार्डची कडाच त्याला कापेल.

प्रश्न : स्पेसर विकत घेताना काय तपासावं?

उत्तर : नट-भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळायला हवा, हे सगळे बघतात. मधलं भोक बघायला विसरतात. उदाहरणार्थ, सुझुकी जिम्नीचा पॅटर्न ५ × १३९.७ (पाच भोकं, १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर) आणि मधलं भोक १०८ मिमी. स्पेसरचं भोक त्याहून मोठं असेल तर चाकाचं केंद्र फक्त नटांवर ठरतं आणि कंप येतो. स्पेसर हबवर घट्ट बसणारा हवा आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला रिमच्या भोकात बसणारी तशीच कडही हवी.

धातू ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियम, अखंड ठोकळ्यातून कातलेला किंवा घडीव. ओतीव घेऊ नका, तो तडकतो. स्टड १०.९ किंवा त्याहून वरच्या ग्रेडचे. आट्यांचं अंतरही जुळवा : एम१२ (१२ मिमी जाडीच्या स्टड) मध्ये १.२५ आणि १.५ मिमी असे दोन्ही प्रकार मिळतात. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर एक-दोन फेरे जातो आणि मग आटे खातो. दोन स्पेसर एकावर एक लावणं किंवा मधे वॉशर घालणं पूर्ण वर्ज्य.

प्रश्न : स्पेसर लावल्यापासून ऐंशीच्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. व्हील बॅलन्सिंग दोनदा केलं, फरक नाही.

उत्तर : चाक काढा आणि स्पेसर हबवर सपाट बसला आहे का ते पाहा. ०.०५ मिमीची फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पट्टी हब आणि स्पेसरच्या फटीत कुठेही शिरली, तर दोष सापडला. कारणं ठरलेली असतात. हबवर गंजाचे पापुद्रे असतात. ब्रेक डिस्क धरून ठेवणारी स्टडवरची पातळ चकती किंवा स्क्रूचं वर आलेलं डोकं राहून जातं. हबच्या कडेच्या मुळाशी असलेल्या गोलाईला स्पेसरची आतली धार टेकते. काही स्पेसरवर बसण्याच्या पृष्ठभागालाही रंग दिलेला असतो. तो दबतो आणि काही दिवसांत नट सैल होतात.

तारेच्या ब्रशने हब चकचकीत करा, चकत्या काढा. स्पेसरसोबत आलेलेच नट वापरा आणि ते हाताने सुरू करा. नट स्टडच्या जाडीइतका तरी आत जायला हवा : एम१२ × १.५ ला पूर्ण आठ फेरे, १.२५ ला दहा. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. त्याने टॉर्क रेंचचा (नट किती जोराने कसला ते दाखवणाऱ्या पान्याचा) आकडा तोच दिसतो, पण स्टड जास्त ताणला जातो. नट समोरासमोरच्या क्रमाने, स्पेसरच्या पत्रकात दिलेल्या टॉर्कवर कसा. इम्पॅक्ट गनवर भागवू नका. मग चाक बसवून बाहेरचे नट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कवर कसा. ८० ते १०० किमी चालल्यावर चाक पुन्हा काढून आतले नटही तपासायचे. बाहेरचे नट कसले की काम झालं असं समजून ही तपासणी टाळली जाते आणि सैल स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकत वाकत तुटतो. एखादा तुटला तर त्या हबचे सगळे बदला, कारण शेजारच्यांनी त्याचा भार घेतलेला असतो.

प्रश्न : मागचे टायर घासत नाहीत. स्पेसर फक्त पुढे लावले तर चालतील का?

उत्तर : गिअर आणि डिफरन्शिअलला काही होत नाही, कारण टायरचा व्यास तोच राहतो. मात्र चिखलात आणि वाळूत मागची चाकं पुढच्यांनी पाडलेल्या चाकोरीतून जात नाहीत, स्वतःची वेगळी वाट कापतात आणि इंजिनावर जोर येतो. असा रस्ता नेहमीचा असेल तर चारही लावा. दोन्ही बाबतींत टायर मडगार्डच्या बाहेर किती डोकावतो ते मोजा, त्यावर रुंद फ्लेअर (मडगार्डच्या कडेला जोडायच्या पट्ट्या) लागतील. वाहन नियमांत आणि विम्याच्या अटींत हा बदल बसतो का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.