आधी नवऱ्याशी बोल, मग सासूबाईंशी

ताई,
आम्ही वसईचे, माझं माहेरही इथलंच. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा सव्वादोनचा. मी अंधेरीला नोकरी करते, घरात पाऊल टाकेपर्यंत साडेसात वाजतात. नाताळ जवळ आला की पोटात गोळा येतो. सासूबाईंना सगळा फराळ घरचाच हवा. करंज्या, कुलकुल, रोझ कुकीज, मिल्क क्रीम, मार्झिपान (बदाम-काजूची मिठाई), पेरूचं चीज (म्हणजे पेरूची वडी), केक, आणि तेही पंचवीस-तीस घरांत ताटं जातील एवढं. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणजे करणारी मी एकटी. मिस्टर चांगले आहेत, पण डिसेंबर लागला की रोज रात्री गावच्या मुलांबरोबर नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, उभारायला जातात ते बारापर्यंत. यंदा १९ ला मुलीचं गॅदरिंग, २० ला कॅनडाहून मोठे दीर-जाऊ दोन मुलांना घेऊन येणार, २८ ला मामेनणंदेचं लग्न. गेल्या वर्षी २३ च्या रात्री मी तळत असताना मुलगी मधे मधे आली आणि मी तिला फटका दिला. परवा ती शेजारच्या काकूंना सांगत होती, ‘नाताळ आला की मम्मी ओरडते.’ यंदा काहीच जमणार नाही, असं सासूबाईंना सरळ सांगू का? मिस्टर म्हणतात, चार दिवसांसाठी वाद नको. शिवाय धाकट्याला चर्चच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, न्यायचं की नाही, यावरूनही घरात दोन तट आहेत.
– एक सून, वसई

तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून एकेरीतच बोलते.

तुझ्या पत्रात सासूबाईंवर अख्खं गाऱ्हाणं आहे आणि नवऱ्यावर जेमतेम दोन वाक्यं, त्यातलं पहिलं ‘चांगले आहेत’नं सुरू होणारं. असतील चांगले, मला शंका नाही. पण उतारवयातली, गुडघे दुखणारी बाई तुला कामाला जुंपते असं तुला वाटतंय आणि धडधाकट माणूस महिनाभर संध्याकाळी घरात नसतो, हे तुझ्या हिशेबातच आलेलं नाही. ‘वाद नको’ म्हणणं त्याला सोपं आहे, कारण वाद टळला की काम तुझ्याकडेच राहतं.

गोठ्याचं वेड मला ठाऊक आहे. बांबू, तारेची जाळी, गोणपाटावर चढवलेला सिमेंटचा लगदा, मोटर लावून सोडलेला धबधबा, दिव्यांच्या माळा, आणि वर शेजारच्या आळीच्या गोठ्यात यंदा काय आहे याची हेरगिरी. मजा असते, पोरं एकत्र येतात, मी नाकं मुरडणार नाही. पण संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात गव्हाणीचा देखावा केला, तेव्हा त्यात गवत होतं, एक बैल होता, एक गाढव होतं. धबधबा नव्हता. तुझ्या मिस्टरांनी डिसेंबरातल्या चार रात्री घराला दिल्या म्हणून बेथलेहेम अडून राहणार नाही.

त्या चार रात्री कोणत्या, ते कॅलेंडरवर आत्ताच लिहून घे. आणि ‘मला मदत करा’ असं म्हणू नकोस. मदत म्हटलं की माणूस ओट्यापाशी उभा राहून ‘आता काय करू?’ विचारत बसतो. तळणी त्यांची, असं सांग. म्हणजे तेल आणायचं त्यांनी, कढईपुढे उभं राहायचं त्यांनी, झारा-कढई घासायची त्यांनी, आणि पहिला घाणा करपला तर तो खायचाही त्यांनीच. सिमेंटचे डोंगर रचणाऱ्याला करंजी तळता येत नाही, हे मी मानत नाही.

आता सासूबाई. ‘यंदा काहीच होणार नाही’ हे वाक्य मात्र गिळून टाक. त्यांच्या डोक्यात करंजी नाही, ताट आहे. दिवाळीत शेजारच्या हिंदू घरांतून चकली-लाडवांची ताटं आली असतील, ती रिकामी कशी परत पाठवायची? लग्न होऊन आल्यापासून त्या घराचं नाव त्या ताटावरून ओळखलं गेलंय. आता हात चालत नाहीत, याची लाज त्यांना तुझ्यापेक्षा जास्त टोचत असणार. तू नकार घेऊन गेलीस की ते त्यांच्या म्हातारपणावर बोट ठेवल्यासारखं होईल. त्याऐवजी एका रविवारी मिस्सानंतर चहा घेऊन बस आणि विचार, ‘ह्यातलं कुठलं नसलं तर तुम्हाला नाताळ झाल्यासारखा वाटणार नाही?’ माझा अंदाज, दोन नावं येतील, फार तर तीन. तेवढंच घरी करायचं. उरलेलं वसईत घरगुती ऑर्डर घेणाऱ्या कितीतरी बायका करून देतात, आणि मार्झिपान तर बहुतेकींपेक्षा सुबक करतात. चव पाहून ऑर्डर द्यायचं काम सासूबाईंना दे. त्या नमुना चाखून नावं ठेवतील, साखर जास्त झाली म्हणतील आणि मनातून खूश होतील. फक्त ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे, नंतर त्या बायका फोन उचलत नाहीत.

आणि सगळं चोवीसच्या आत का उरकायचं? हे कुणी ठरवलं? चर्चचं पंचांग तर उलटं सांगतं. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळआधीचे, चार रविवार तयारीचे, संयमाचे. वेदीवर जांभळा रंग, मिस्सात ग्लोरिया हे स्तुतिगीतसुद्धा म्हणत नाहीत. नाताळचा काळ सुरू होतो तो चोवीसच्या संध्याकाळी, आणि चालतो जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत. बाळ येशूच्या दर्शनाला येणारे तीन राजे तर जानेवारीतच पोचतात, त्यांना कुणी उशीर झाला म्हणून बोल लावत नाही. आपण मात्र पंचवीसच्या दुपारी बिर्याणी जेवून सण संपवून टाकतो आणि आधीचे तीन आठवडे धापा टाकतो.

म्हणून ताटं दोन हप्त्यांत पाठव. अगदी जवळची सात-आठ घरं पंचवीसला, बाकीची २९ ते ३१ मध्ये. चोवीसला सगळ्यांचेच डबे ओसंडत असतात, तेव्हा आलेलं ताट कौतुकानं कोण बघतं? फराळाचंही तसंच. कुलकुल घट्ट झाकणाच्या डब्यात कित्येक दिवस टिकतात, पेरूचं चीजही टिकतं, तेव्हा ते गॅदरिंगच्या आधीच्या शनिवार-रविवारी होऊन जाऊ दे. करंजीत ओलं खोबरं घालणार असाल तर ती शेवटी, सुकं घालणार असाल तर मधल्या आठवड्यात. मिल्क क्रीम दुधाचं, ते सणाच्या तोंडावर विकतच आण.

कुलकुल मात्र विकत आणू नकोस. एवढ्या यादीत लहान मुलांना खरोखर करता येईल असा तेवढाच पदार्थ आहे. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर घालून मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबायची आणि अंगठ्यानं वळवून सोडायची. पाच वर्षांच्या मुलीला हे दहाव्या गोळीला जमतं. सव्वादोन वर्षांचा तिथं बसून कच्चं पीठ तोंडात घालेल, त्यात अंडं आहे, म्हणून त्याला मूठभर साधी कणीक वेगळी दे. वाकडे कुलकुल वेगळ्या डब्यात भर, त्यावर तिचं नाव लिही आणि घरी आलेल्यांना तोच डबा आधी पुढे कर. वळणं मुलांचं, तळणं बापाचं, आणि तळताना स्वयंपाकघराचं दार बंद. उकळत्या तेलाजवळ मूल नको, हा नियम तुझ्या रागापेक्षा जास्त उपयोगी पडेल. त्या फटक्यात निम्मी भीती होती, हे तुलाही माहीत आहे.

तिच्याशी त्या रात्रीबद्दल बोल. ‘गेल्या वर्षी मी तुला मारलं, ते चुकलं, मी खूप दमले होते,’ एवढंच. लांबण लावू नकोस आणि रडून तिलाच तुझी समजूत काढायला लावू नकोस. ती शेजारी जाऊन सांगते, म्हणजे तिचं तोंड बंद झालेलं नाही. हे चांगलंच आहे. घरातली गव्हाणी यंदा तिच्या ताब्यात दे. टेबलावर नको, जमिनीलगत, तिचा हात पोचेल अशी मांड. काही घरांत जुनी चाल आहे. आगमनकाळात मुलानं कुणाचं काही चांगलं केलं की गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची, आणि बाळ येशू चोवीसच्या रात्रीच ठेवायचा. मातीचा उंट धाकटा फोडेलच, दोन जास्तीचे आणून ठेव.

मिस्साचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. नाताळचे मिस्सा एकच नसतात. आदल्या संध्याकाळचा, रात्रीचा, पहाटेचा आणि दिवसाचा, असे चार वेगवेगळे आहेत, आणि त्यातल्या कुठल्याही एकाला गेलं की सणाचं कर्तव्य पुरं होतं. हे माझं मत नाही, चर्चचाच नियम आहे, शंका असेल तर घरातल्यांनी फादरना विचारावं. कडाक्याच्या नसल्या तरी बोचऱ्या थंडीत, पेंगुळलेलं, खोकणारं पोर उघड्या मैदानात नेण्यात भक्ती कसली? मुलीला हौस असेल तर ती बाबाबरोबर रात्री जाऊ दे. तू धाकट्याला घेऊन पंचवीसच्या सकाळी जा. रात्रभर झोपलेली आई सकाळच्या मिस्सात एखादं वाचन ऐकू शकते, मध्यरात्री ते होत नाही.

जावेचं तेवढं राहिलं. ती कॅनडाहून येणार म्हणून पडदे धुवायला काढू नकोस. २० ला उतरलेली मुलं पुढचे काही दिवस रात्री दोनला टक्क जागी आणि दुपारी चारला आडवी, त्यांना तुझे पडदे दिसणार नाहीत. तिला आजच मेसेज कर. आल्यावर एक दिवस चारही मुलं तिनं सांभाळायची आणि दुसरा दिवस तू, हे आधीच ठरवून टाका. तिलाही पाहुणी म्हणून पाच दिवस खुर्चीत बसायचा कंटाळाच येत असेल. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची खरी परिस्थिती थोरल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येऊ दे, त्यांना ती फोनवर दिसत नाही.

२८ च्या लग्नात करवली-बिरवलीचं काही अंगावर घेतलंस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस. आगमनकाळात आपल्याकडे लग्नं होत नाहीत, त्यामुळे नाताळ सरला की एकदम झुंबड उडते आणि शिंपी पंधरा तारखेनंतर नवीन काम घेत नाही. ब्लाउज याच आठवड्यात टाक.